काका खाली आहेत

१

दर रविवारी सकाळचा चहा झाला की काका दारामागचा कामाचा निळा शर्ट अंगात चढवत आणि म्हणत, "मी उतरतो खाली. तू ये सावकाश." काकू कपबशा विसळून, ओट्यावरून फडकं फिरवून मागच्या शेडमध्ये जायच्या, तोवर जीपखालून ठोकाठोक सुरू झालेली असायची. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून हे असंच चालत आलं होतं.

जीप त्यांच्या लेकीपेक्षा वयानं मोठी होती आणि लेकीपेक्षाही हट्टी. कापडी टप, चढाला लागलं की घोगरा होणारा आवाज, आणि फोर व्हीलचा दांडा असा की तो टाकायचा तर आधी त्याची समजूत काढावी लागे. गल्लीत सगळे काकूंना ‘जीपवाल्या काकू’ म्हणत. शेजारीण एकदा म्हणाली, "काकू, ही जीप आता एखाद्या संग्रहालयात देऊन टाका." काकू म्हणाल्या, "आधी तुम्ही तुमच्या सासऱ्यांना द्या. त्यांचं कसं काय जमतं ते बघू, मग जीपचं ठरवू." त्यानंतर शेजारणीनं तो विषय काढला नाही.

गाडी गॅरेजला द्यायची नाही, जे काही करायचं ते दोघांनी घरीच करायचं, असा त्यांचा पण होता. शेडच्या मधोमध त्या दोघांनी मिळून छातीइतका खोल खड्डा खणला होता, आतून सिमेंटनं लिंपला होता. जीप त्याच्यावर उभी असे. खड्ड्याच्या पायऱ्या मागच्या टोकाला, बोळात उघडणाऱ्या दाराजवळ होत्या. काकू मात्र त्या पायऱ्या कधी उतरल्या नाहीत. बंद जागेत त्यांचा जीव घुसमटायचा. त्यामुळे वाटणी आपोआप झाली. बॉनेटखालचं सगळं काकूंचं आणि गाडीच्या पोटातलं सगळं काकांचं.

खाली गेल्यावर काका बोलत नसत. तोंड उघडलं की वरून माती पडते. म्हणून त्यांनी खुणा ठरवल्या होत्या. चॅसिसच्या लोखंडी सांगाड्यावर एक ठोका म्हणजे मोठा पाना, दोन ठोके म्हणजे लहान, आणि बरेच ठोके एका दमात पडले तर फडकं. पुढच्या चाकाशी काकूंचं स्टूल असे. ठोका पडला की चाकामागून हात यायचा, तळवा वर करून, आणि काकू त्यावर पाना ठेवायच्या. कुणी भेटायला आलं आणि काकांना विचारलं, तर काकू मान न वळवता सांगत, "काका खाली आहेत."

२

त्या शनिवारी कांदा चिरताना काकांनी अंगठा कापून घेतला. एवढंसं कापलं होतं, पण काकांनी घर डोक्यावर घेतलं. काकूंनी जखम धुऊन अंगठ्यावर जाडजूड पांढरी पट्टी बांधली आणि म्हणाल्या, "उद्या राहू द्या मग. जीपच्या शाफ्टचा क्रॉस पुढच्या रविवारी बदलू."

"छे छे, एवढ्याशा जखमेनं काय होतंय," असं काका म्हणाले. काकूंना ते आवडलं. माणूस घरकामात कितीही नाटकं करो, जीपच्या कामाला कधी मागे हटत नाही, असं त्या लेकीलाही नेहमी ऐकवत.

रविवारी नेहमीसारखा ठोका पडला. हात आला. काकूंनी पाना ठेवला, बोटं मिटली, हात आत गेला. काकू कार्ब्युरेटरकडे वळल्या आणि मग जागच्या जागी थांबल्या. हाताला पट्टी नव्हती.

काकू एका दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घडवत. केसाएवढा फरक त्यांच्या नजरेतून सुटत नसे, आणि इथं तर अख्खी पांढरीफेक पट्टी गायब होती. पण त्यांनी स्वतःला समजावलं. काढली असेल. पट्टीनं पाना नीट धरता येत नाही. पुन्हा हात आला तेव्हा त्यांनी वाकून नीट पाहिलं. अंगठा काळा, तेलकट आणि धडधाकट होता. कापल्याची रेघसुद्धा नव्हती. तेल साचलं की रेघ कशी दिसणार, असंही त्यांनी स्वतःला समजावलं.

काम संपल्यावर त्या स्वयंपाकघरात गेल्या. जरा वेळानं मागच्या दारानं काका आले, शर्टाच्या बाहीला ऑइलचा डाग, आणि हुश्श करत खुर्चीत बसले. अंगठ्यावर पट्टी होती. काकूंनी घातलेली गाठ तशीच होती, आणि पट्टी इतकी स्वच्छ की नुकतीच बांधल्यासारखी.

"पट्टी काढली नाहीत?" काकूंनी विचारलं.

"तू बांधलेली मी काढेन होय?" काका लाडात येऊन म्हणाले. "चहा दे. पार पिट्टा पडला आज."

३

काकूंनी तो आठवडा स्वतःशी वाद घालण्यात घालवला. पट्टी काढून पुन्हा तशीच बांधली असेल. किंवा डावा हात बाहेर काढला असेल. पण डावा कसा? त्या वर्षानुवर्षं तो हात बघत होत्या. उजवाच होता. आपल्याला चष्म्याचा नंबर वाढवून घ्यायला हवा, असं म्हणून त्या कूस बदलत, आणि पुन्हा तो तेलकट धडधाकट अंगठा डोळ्यांपुढे येई.

एकदा जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "क्रॉसचा खालचा कप निघायला त्रास झाला का हो?"

"झाला ना," काका म्हणाले. "पण आपण काय सोडतो होय!"

क्रॉसचा खालचा कप त्या दिवशी काढलाच नव्हता. नुसते नट सैल करून ठेवले होते. काकूंनी मान खाली घालून घास गिळला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण काकूंची झोप उडाली ती खरं तर तिच्यामुळे. लेक लहान असताना काकूंचं दुसरं बाळ पोटातच गेलं. काका त्यावर अवाक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर गेले. घरात नुसता भांड्यांचा आवाज. काकूंनी भावाकडे कायमचं जायचं ठरवलं, बॅग भरून पलंगाखाली ठेवली. जायचं ते जीप घेऊन, आणि जीपचे ब्रेक सैल होते, म्हणून त्या रविवारी तेवढ्यासाठी त्या शेडमध्ये जाऊन स्टुलावर बसल्या. आणि बसल्या बसल्या त्यांचा बांध फुटला.

त्या दिवशी ठोका पडला नाही. चाकामागून हात आला आणि त्यानं पाना मागितला नाही. त्यानं काकूंचा हात धरला. वरचा पत्रा तापून तडतडायला लागेपर्यंत तो हात तसाच होता, एक शब्द नाही, नुसता धरून. काकूंनी आत जाऊन बॅग रिकामी केली. माणसाला बोलता येत नाही, पण आहे तो आपला आहे, एवढं त्यांना त्या दिवशी कळलं, आणि पुढचा सगळा संसार त्यांनी त्या एका हातावर केला. काकांकडे त्यांनी तो विषय कधी काढला नाही. काही गोष्टी बोलून दाखवल्या की उष्ट्या होतात, असं त्यांना वाटे.

४

पुढच्या रविवारी काका नेहमीसारखे म्हणाले, "मी उतरतो खाली." पट्टी एव्हाना निघाली होती. काकूंनी कपबशा विसळल्या नाहीत. त्या लगेच मागोमाग गेल्या, तरी शेडच्या दाराशी पोचेपर्यंत ठोकाठोक सुरू झाली होती. बोळाकडचं दार लोटलेलं होतं.

ठोका पडला. हात आला. काकूंनी मोठा पाना त्यावर ठेवला. हात आत गेला आणि नट फिरल्याची करकर सुरू झाली. ती करकर चालू असतानाच काकू दबकत जीपला वळसा घालून मागच्या दारानं बोळात आल्या. काय शोधायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. बोळ जिथं रस्त्याला मिळतो तिथं न्हाव्याचं दुकान होतं. आतून हसण्याचा आवाज येत होता, आणि तो आवाज ओळखायला काकूंना दारापर्यंत जावं लागलं नाही.

काका खुर्चीत ऐसपैस बसले होते, मांडीवर वर्तमानपत्र, हातात चहा. न्हावी कुणाची तरी दाढी करता करता त्यांचा विनोद ऐकत होता. काकूंना पाहून तो म्हणाला, "या काकू! आज तुम्हीपण? काकांची तर इथली खुर्ची ठरलेली आहे. दर रविवारी आमच्याकडे हजेरी."

"कधीपासून?" काकूंनी विचारलं.

"माझे वडील दुकानात होते तेव्हापासून," न्हावी कौतुकानं म्हणाला.

काकांनी हातातला कप घाईनं बशीत ठेवला. ते काकूंकडे बघत राहिले, चोरी पकडलेल्या मुलासारखे, आणि मग ओशाळं हसले. काकू आल्या तशा बोळातून मागे फिरल्या. लांबूनच, शेडच्या पत्र्यातून, करकर ऐकू येत होती.

त्या दारात पोचल्या आणि करकर थांबली. मोठा पाना मडगार्डवर ठेवलेला होता, पुसून, नेहमी ठेवलेला असे तसाच. काकू जमिनीवर ओणव्या झाल्या, असं त्या आयुष्यात पहिल्यांदाच करत होत्या, आणि जीपखाली त्यांनी पाहिलं. नवा क्रॉस बसला होता, निपलवर ताजं ग्रीस चमकत होतं. खड्ड्यात कुणी दिसलं नाही. पण पायऱ्या होत्या मागे, आणि पुढच्या टोकाला, बरोबर काकूंच्या स्टुलाखाली, खड्ड्याच्या भिंतीचं सिमेंट एका जागी झिजून गुळगुळीत झालं होतं. वर्षानुवर्षं कुणी पाठ टेकून बसावं तेवढीच ती जागा होती.

५

"अगं, ऐक तर खरं," काका जेवणाच्या टेबलाशी म्हणाले. ताटं वाढलेली तशीच होती. "पहिली एक-दोन वर्षं मी जात होतोच की खाली. मग पाठ धरायला लागली. म्हटलं, जरा वेळ बोळात मोकळी हवा खाऊन येऊ. आलो तर काम झालेलं! तूसुद्धा म्हणालीस, छान जमलं आज. मग मी काय बोलणार?"

"म्हणून काहीच बोलला नाहीत."

"मला वाटलं, तू गुपचूप कुणा मेकॅनिकला बोलावतेस. चारचौघांत नवऱ्याचा मान राहावा म्हणून. मला वाटलं तुला ठाऊक आहे आणि तू मला सांभाळून घेतेस."

"आणि बाहीवरचे डाग?"

काका ताटातल्या पाण्याच्या थेंबावरून बोट फिरवत राहिले. "दाराशी ऑइलचा डबा असतो," शेवटी ते म्हणाले. "जाता जाता बोट बुडवायचो आणि पुसायचो बाहीला."

काकूंना हसू आलं आणि त्याच क्षणी भडभडून आलं. इतकी वर्षं दर सोमवारी त्या तो डाग घासून घासून काढत होत्या. साबण लावताना त्यांना त्या डागाचा अभिमान वाटायचा. हा माणूस त्यांच्याशी नुसतं खोटं बोलला नव्हता. दर आठवड्याला नेमानं, बोट बुडवून, त्यानं खोटं केलं होतं.

पण खरा प्रश्न अजून पुढेच होता, आणि तो विचारायची त्यांची हिंमत होत नव्हती. टेबलाची कड धरून त्यांनी विचारला. "बाळ गेलं, त्यानंतरचा रविवार. त्या दिवशी तरी तुम्ही खाली होतात ना?"

खोटं बोलावं का याचा काका विचार करत आहेत, हे काकूंना दिसत होतं. आणखी एकदा त्यांनी खोटं बोलावं, असं काकूंना मनापासून वाटलं.

"नाही," काका म्हणाले. "न्हाव्याकडे होतो. मला घरात बसवत नव्हतं गं. तुझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं. पलंगाखालची बॅग मी पाहिली होती. संध्याकाळी रिकामी दिसली, म्हटलं, चला, सुटलो."

काकू उठून ओट्याशी गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. नळ टपटपत होता, तो त्यांनी घट्ट बंद केला. एवढा मोठा संसार आपण नक्की कुणाबरोबर केला, हे त्यांना कळेना. खुर्चीत बसलेल्या त्या माणसाचा त्यांना राग आला, आणि त्याहून जास्त, त्याची ओळखच पटेना. पाठीमागून काका म्हणत होते, "असं काय करतेस? काम कोण करतं ते तरी सांग. कुणाला पाना देत होतीस तू?"

६

काकूंनी सांगितलं. काका आधी हसले, मग चिडले. "चल," ते उठून म्हणाले, "तुझ्यादेखत उतरतो आणि दाखवतो कोण बसलंय ते. वेड लागायची पाळी आली."

दुपारचं ऊन पत्र्याच्या फटींतून शेडमध्ये सांडलं होतं. काकांनी बॅटरी घेतली आणि मागच्या पायऱ्या उतरायला लागले. कित्येक वर्षांत उतरले नव्हते, ते दिसतच होतं. एकेका पायरीवर थांबत, भिंत चाचपत ते खाली गेले आणि गाडीखाली शिरले. काकू पुढे येऊन आपल्या स्टुलावर बसल्या. दुसरीकडे कुठे बसायचं ते त्यांना माहीत नव्हतं.

"काही नाहीये इथं," काकांचा आवाज मागच्या टोकाकडून आला. बॅटरीचा उजेड जीपच्या पोटावरून फिरला. "ऑइलचे डाग आहेत. चिंध्या आहेत. आणखी पुढे बघतो, म्हणजे तुझी खात्री होईल."

"नको," काकू म्हणाल्या. "या वर."

"थांब गं. आता उतरलोय तर..."

उजेड जरा पुढे सरकला आणि विझला. काका बॅटरीवर तळहात आपटत असल्याचा आवाज आला. "हिला काय झालं? सेल तर नवे आहेत," ते पुटपुटले. मग म्हणाले, "इथं आणखी पायऱ्या आहेत का गं?"

खड्डा छातीइतका होता. काकूंनी स्वतः फावडं धरलं होतं. "नाहीत," त्या म्हणाल्या. "अहो, या वर. आत्ताच्या आत्ता."

"येतो, येतो. गुडघा धरलाय. काही दिसत पण नाही. तू मागे ये आणि हात दे मला."

काकू उठणार, तेवढ्यात चाकामागून हात आला. तळवा वर नव्हता. हात आडवा होता, बोटं जराशी वाकलेली, पुढे केलेला. अंगठ्याच्या बुडाशी ग्रीस लागलं होतं, सकाळचंच. मागून काकांचा आवाज आणि चाकाशी हा हात, यांच्यात अख्ख्या जीपची लांबी होती.

त्या ओरडणार होत्या. ओरडायला हवं, हे त्यांना कळत होतं. पण त्यांनी त्या हाताकडे पाहिलं. त्यावरची प्रत्येक रेघ त्यांना पाठ होती. न्हाव्याच्या खुर्चीत बसून चहा पिणारा हात त्यांना इतका ठाऊक नव्हता. काकूंनी आपला हात पुढे केला आणि तो धरला. तो उबदार होता. घरात भांड्यांखेरीज कशाचा आवाज नव्हता त्या दिवशीही तो असाच उबदार होता.

"अगं, हात दे ना," काका म्हणाले.

आता त्यांचा आवाज मागून येत नव्हता. तो खालून येत होता. सिमेंटच्या खालून, फावडं जिथं पोचलं होतं त्याच्याही खालून, आणि त्याला वर यायला वेळ लागत होता. काकूंना ते स्पष्ट कळलं. मागच्या टोकाला जाऊन पायऱ्यांवर वाकलं तर कदाचित पोचेल हात, हेही कळलं. अजून पोचेल. आणखी थोड्या वेळानं पोचणार नाही.

काकूंनी खाली पाहिलं. त्या हाताची पकड सैल होती. कधीही सोडवून घ्यावा इतकी सैल. घट्ट धरलं होतं ते काकूंनी.

"ऐकतेस का? अगं, कुठे आहेस तू?"

"आले हं," काकूंनी हाक दिली, आणि त्या स्टुलावरच बसून राहिल्या.